बैठकीतला वाघ

घरी पाहुणे आले, की चहाच्या आधी आप्पा वाघाला हाक मारायचे.

वाघ म्हणजे त्यांचा मुलगा. बापासारखाच अग्निशमन दलात लागलेला. एका इमारतीच्या आगीतून त्यानं तिघांना जिवंत बाहेर काढलं, तेव्हापासून केंद्रातली पोरं त्याला वाघ म्हणू लागली आणि निवृत्त आप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सांग रे, कसा शिरलास आत!"

वाघ सांगायचा. धूर, जिना, खांद्यावर घेतलेली म्हातारी. पाहुणे पाठ थोपटायचे. ते गेले, की तो न्हाणीघरात नळ सोडून बसायचा. नळाच्या आवाजाआड तो रडतो, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. पाच वर्षांच्या लेकीनं बोट धरलं, की तो चटका बसल्यासारखा हात काढून घ्यायचा. "बाबा माझ्यावर रागावलेत का?" असं लेकीनं एकदा आईला विचारलं.

त्याच दिवशी तिनं सासऱ्यांकडे विषय काढला. "आप्पा, यांना कुणालातरी दाखवायला हवं."

"काय झालंय त्याला? हातपाय धड आहेत. असली थेरं आमच्या वेळी नव्हती, सूनबाई."

पुढच्याच आठवड्यात केंद्रात एक प्रशिक्षण झालं. जवानांनी पाहिलेलं मनात साचू नये म्हणून काय करावं, सोबत्याचं बिनसलंय हे कसं ओळखावं, हे शिकवायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. आप्पांना मानानं पुढे बसवलं होतं. बाईंनी विचारलं, "घरी गेल्यावर झोप लागत नाही, असं कुणाचं होतं?"

मागच्या रांगेत वाघाचा हात अर्धा वर आला. आप्पांना तो दिसला नाही. ते मिश्कीलपणे म्हणाले, "ज्याला झोप येत नाही त्यानं बांगड्या भराव्यात!"

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. हात खाली गेला. एका हसण्यानं माणसाचं तोंड किती घट्ट बंद होतं, हे त्या हसणाऱ्यांपैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

मग एका दुपारी आप्पांचे दोन जुने मित्र आले. आप्पांनी नेहमीसारखी हाक मारली. सून दारात आडवी उभी राहिली.

"आज ते सांगणार नाहीत."

"अगं, पाहुणे खोळंबलेत!"

"पाहुण्यांपुढे चहा ठेवते, आप्पा. नवरा ठेवणार नाही."

आप्पांचा पारा चढला. तेवढ्यात मागून वाघ आला. बाह्या भिजलेल्या, डोळे लाल.

"राहू दे गं. आज सगळंच सांगतो." तो बापासमोर बसला. "आत चौथा होता, आप्पा. पलंगाखाली एक लहान मुलगा अडकला होता. त्यानं माझं बोट धरलं. वरून छत सुटायला लागलं. बोट सुटलं, असं मी साहेबांना सांगितलं. ते सुटलं नव्हतं. मी सोडवलं. दरवेळी तुम्ही मला आत पाठवता आणि दरवेळी मी ते सोडवतो."

मित्र पायांकडे बघत राहिले. चार लोकांनी वा वा म्हणावं म्हणून आपण पोटच्या पोराला पुन्हा पुन्हा आगीत ढकललं, हे कळून ते जागच्या जागी खचले.

वाघ डॉक्टरबाईंकडे जाऊ लागला. लेकीचा हात धरणं त्याला अजून जमत नाही. पण त्यात तिची काही चूक नाही, एवढं तो तिला सांगू शकला.

पहिल्या भेटीला आप्पा सोबत गेले होते. बाहेर पडताना ते घुटमळले. "बाई, माझ्या तुकडीत एक जण होता. एका आगीनंतर बंबावर चढेना. आम्ही त्याला पळपुटा म्हणायचो. पुढे दारूत गेला, आणि मेला. मयतीलाही आम्ही गेलो नाही."

"त्याच्या घरी कोण असतं?"

"बायको. एकटीच."

बाईंनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

संध्याकाळी आप्पा त्या घरापुढे उभे राहिले. ज्यांनी आयुष्यभर जळती दारं लाथेनं उघडली, त्यांचा हात हे दार ठोठावायला धजेना. शेवटी त्यांनी ठोठावलं.

"कोण आहे?" आतून थकलेला आवाज आला.

आपण कोण, हे सांगायची आप्पांना लाज वाटली.