दुभाषिणीचा शब्द

दुभाषिणीने माइकचं बटण दाबलं आणि खाली सभागृहात उभ्या असलेल्या प्रतिनिधीबाईंच्या पाठोपाठ ती आपल्या भाषेत बोलू लागली.

"निर्बंध सरकारवर आहेत, माणसांवर नाहीत."

दुभाष्यांच्या काचेच्या खोलीचा नियम साधा होता. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, 'बाई म्हणतात की' वगैरे नाही. वीस वर्षं ती हेच करत आली होती, आणि नदीच्या दोन्ही काठांवर तिचं बोलणं रेडिओवर ऐकू जायचं. भाषा एकच होती ना दोन्हीकडे.

या प्रदेशातल्या देशांची ही बैठक सकाळपासून चालली होती. नदीपलीकडच्या देशावरचे निर्बंध आणखी आवळायचे का, एवढाच प्रश्न. ज्यांची हद्द त्याला लागून होती ते चाचरत होते, थोडं थांबूया म्हणत होते. चार देश सोडून राहणारे मात्र टेबलावर मूठ आपटत होते. त्यांचं काय जातंय!

पलीकडे तिची आई एकटी राहायची. आईचं इन्शुलिन दर महिन्याला दुभाषिणीच पूल ओलांडून नेऊन द्यायची. गेल्या शनिवारी पुलावरच्या शिपायाने बर्फाचा डबा उघडूनही पाहिला नाही.

"औषधांना सवलत आहे हो ताई, पण तिचा कागद कोण देतं ते आम्हालाच माहीत नाही," म्हणाला, आणि तिला आल्या पावली परत पाठवलं.

खाली बाईंनी पान उलटलं.  दुभाषिणीचा आवाज नेहमीसारखा ठाम निघाला.

"औषधं अडणार नाहीत. मी शब्द देते."

मधल्या सुट्टीत आईचा फोन आला.

"अगं, रेडिओवर तूच होतीस ना! शेजारणीला म्हटलं, ऐक, माझी लेक बोलतेय."

"आई, कुप्या किती उरल्यात?"

"एक आहे की."

"चार होत्या ना परवा!"

"तीन शेजारणीला दिल्या. तिच्या पोरीच्या संपल्यात, पार गळून गेलीय बिचारी. खोटं कशाला बोलू, इतके दिवस मीच हात आखडता घेतला होता. पण तू सांगितलंस आणि जिवाचा घोर गेला बघ."

दुभाषिणी भिंतीला टेकली. तिला रडू आवरेना.

"आई, ते मी नव्हते गं बोलत."

"चल, काहीतरीच! आईला आवाज कळत नाही होय?"

घंटा वाजली. तिच्याबरोबर आळीपाळीने बोलणारा दुसरा दुभाषी काचेआडून हात हलवत होता.

"जा, कामाला लाग," आई म्हणाली. "आणि शनिवारी येशील तेव्हा जास्तीच्या आण. शेजारणीला शब्द दिलाय मी."

"आणते," ती म्हणाली.