मिनिटरावांचं एक मिनिट

मी टर्बो बोलतोय. गाडीच्या इंजिनाला चिकटून बसलेला, गोगलगायीसारखा दिसणारा लोखंडी गोळा. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला कधी पाहिलेलंही नाही. बोनेट उघडता ते पाणी ओतण्यापुरतं. आता मी मेलोय, त्यामुळे कोणाची भीड ठेवत नाही. आयुष्यभर तुमची घाई सोसली, आता तुम्ही जरा माझं ऐका.

जन्माचं फार कौतुक नाही. भट्टीत वितळलो, साच्यात पडलो, घासून गुळगुळीत झालो. पंख्याचं वजन केसभर इकडेतिकडे झालं तर चालत नाही, म्हणून एका कारागिराने तो पुन्हा पुन्हा तोलून पाहिला, कड घासली, परत तोलला. एवढ्या निगुतीनं घडवलेली वस्तू पुढे तुमच्या हाती पडते, हे आमचं कपाळ.

माझं काम सांगतो. इंजिनातून जळका धूर सुटतो, त्याच्या जोरावर दांड्यावरचा माझा एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा. तो बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या घशात कोंबतो. चढावर गाडीला जो जोर येतो, तो माझा. नाव गाडीचं होतं आणि मिशीला पीळ चालवणारा देतो.

मिनिटाला लाखावर फेरे घेतो मी. निखाऱ्यासारखा तापतो. आणि माझ्या दांड्याला आधार कशाचा, तर ऑइलच्या एका थराचा, कागदाहून पातळ. ते ऑइल इंजिन चालू आहे तोवरच येतं. इंजिन बंद की ऑइल बंद. मी मात्र फिरतच असतो, भाजतच असतो. मग अंगातलं ऑइल जागच्या जागी करपतं, दूध आटून पातेल्याला धरतं तसं. म्हणून दामटून आल्यावर इंजिन एक मिनिट नुसतं चालू ठेवावं. ऑइल फिरतं, ताप घेऊन जातं, मी हळू होतो. मग खुशाल बंद करा. असतील आता काही नवे, ज्यांच्या अंगातून पाणी फिरतं. मी तसल्या लाडाचा नव्हे.

हे ज्याला कळत होतं असा एकच माणूस मला भेटला. तो ड्रायव्हर होता. मालकाचा लाकडी सामानाचा कारखाना, राहतं घर खाली गावात आणि कारखाना वर टेकडीवर. रोजचा चढ. वर पोचलं की ड्रायव्हर गाडी सावलीत उभी करायचा, चावीला हात लावायचा नाही. चष्मा काढायचा, खिशातला रुमाल काढायचा, एक काच पुसायचा, मग दुसरी. चष्मा परत नाकावर चढला की चावी फिरायची. अकरा वर्षं, एक दिवस चुकला नाही.

घरातल्यांनी त्याचं नाव मिनिटराव पाडलं. मालक उतरता उतरता म्हणायचे, "काय मिनिटराव, झोपली का गाडी? अंगाई म्हणू का?" मालकीणबाई म्हणायच्या, "आमच्या लग्नात असता तर मुहूर्त टळला असता." हा नुसता हसायचा. माझ्यासाठी टोमणे खाणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही.

त्याची बाजू घेणारी एकच, मालकाची म्हातारी आई. ती मागच्या सीटवरून म्हणायची, "भाऊ, बरोबर आहे तुझं. मी तरी खुर्चीतून उठल्या उठल्या कुठे चालते? गुडघ्यांना आधी विचारावं लागतं." तिच्या गुडघ्यांचा आणि माझा असा घरोबा होता.

मग घरात जावई आला.

म्हणजे लेक-जावई याच गावात राहायला आले आणि रविवारी गाडी जावयाची झाली. टेकडीच्या माथ्यावर त्याचा खेळायचा क्लब. हा खालून जो दामटायचा तो थेट दारात. चढ संपतो तिथेच क्लबचं फाटक. गाडी अजून धापा टाकतेय, मी फुल फेऱ्यात, आणि यानं चावी फिरवलेली. खट्. घशाशी आलेला घास आणि तोंडावर दाबलेली उशी. खाली उतरून चावी बोटावर फिरवत, शीळ घालत आत. मी बोनेटखाली करपतोय, आणि हा शीळ घालतोय.

दीड वर्ष. दर रविवारी.

मिनिटरावांनी एकदा त्याला सांगितलं. हात पाठीमागे बांधून, अगदी अदबीनं. "जावईबापू, चढ चढल्यावर एक मिनिट चालू ठेवत जा. टर्बो तापलेला असतो."

जावई म्हणाला, "काका, ही गाडी आहे. म्हैस नाही, पान्हवायला."

सगळे हसले. मालकही. म्हातारी तेवढी हसली नाही, पण तिच्या न हसण्याकडे बघतंय कोण.

माझ्या अंगात काळी खपली धरत गेली. ऑइलची वाट बारीक झाली, दांडा खिळखिळा झाला. मी शिटी घालू लागलो. अगदी बारीक, दूर कुठेतरी किटली उकळल्यासारखी. मिनिटरावांनी पहिल्याच दिवशी ओळखली. लगेच मालकांना म्हणाले, "साहेब, टर्बो शिटी मारतोय. मिस्त्रीला दाखवू या."

मालकांनी मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. "मला नाही येत ऐकू. मिनिटराव, वय झालं तुमचं. कान वाजत असतील."

पुढच्या महिन्यात एका सकाळी म्हातारीला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दवाखाना वरच. तारीख दोन महिने आधी मिळालेली. मालक पुढे बसलेले, म्हातारी मागे, मिनिटराव चालवत होते. अर्ध्या चढावर माझा दांडा तुटला. मागून निळ्या धुराचा लोट निघाला, गाडीचा जीव गेला. मिनिटरावांनी ती हळूच कडेला घेतली. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, माणसं थांबून बघायला लागली. म्हातारीची तारीख हुकली.

मालकांनी तिथेच, सगळ्यांसमोर, हात पुढे केला. "चावी दे."

अकरा वर्षं 'तुम्ही' म्हणणारा माणूस भर रस्त्यात 'तू'वर आला. "रोज तूच चालवतोस ना? मग कोणी मोडली? उद्यापासून येऊ नकोस."

म्हातारी मागून म्हणाली, "अरे, त्यानं आधीच सांगितलं होतं तुला." मालक म्हणाले, "आई, तू गप्प बस."

मिनिटरावांनी चावी दिली. मला त्या वेळी तोंड असतं तर मी काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मिस्त्रीनं मला खोललं. तो कमी बोलणारा माणूस. माझा तुटका दांडा त्यानं उजेडात धरला आणि खपलीवर नख ओढलं. मग मालकांना बोलावून घेतलं.

"ऑइल वेळच्या वेळी बदललेलं आहे. फिल्टर चांगला आहे. रोज चालवणारा जपणारा आहे," तो म्हणाला. "पण कोणीतरी हा गरम असतानाच बंद केलाय. एकदा-दोनदा नाही, कायम. गाडी आणखी कोण चालवतं?"

मालकांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रविवारी जावई नेतो."

"मग झालं तर."

"हे बघ, जावयाला काय बोलणार? लेकीचा संसार आहे. हे इथंच राहू दे."

आता सांगा, मी चिडू नको तर काय करू? खरं कळलं. ज्याला कळायला हवं होतं त्यालाच कळलं. आणि त्यानं ते गॅरेजमधल्या काळ्या फडक्याखाली झाकून ठेवलं. जावई वाचला पाहिजे, मग ड्रायव्हरची अब्रू गेली तरी चालेल.

मिस्त्री मात्र मिनिटरावांचा जुना ओळखीचा. त्यानं त्यांना बोलावून माझा दांडा हातात दिला, सगळं सांगितलं. मिनिटरावांनी विचारलं, "हा अख्खा टर्बो मी नेऊ?"

रविवारी दुपारी ते मला कापडात बांधून मालकांच्या घरी घेऊन आले. सगळे जेवून टेबलाशीच बसलेले. मिनिटरावांनी कापड सोडून मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, जावयासमोर. टेबलाच्या पांढऱ्या कापडावर काळा डाग पडला.

जावई म्हणाला, "हे काय?"

"गाडीचा टर्बो. आत बघा, काळं दिसतंय ते. ते माझ्या हातचं नाही. मिस्त्रीनं साहेबांना सांगितलंय."

जावयानं सासऱ्याकडे पाहिलं. सासरा पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. मालकीणबाई फडक्यानं डाग चोळायला लागल्या.

म्हातारी म्हणाली, "बोल की रे कोणीतरी."

मिनिटराव दारात जाऊन उभे राहिले. चष्मा काढला. रुमाल काढला. एक काच पुसली, मग दुसरी. मी ते मिनिट ओळखलं. अकरा वर्षं रोज माझ्या वाट्याला आलेलं, तेच. ते त्यांनी त्या माणसांना दिलं. निवा, म्हणावं. दोन शब्द बोला.

फडकं घासल्याचा आवाज तेवढा होता.

मिनिटरावांनी चष्मा चढवला आणि गेले.

आता ते मिस्त्रीच्या गॅरेजात गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवून बघतात, असं म्हातारी सांगते. मला तिनं टेबलावरून उचलून स्वतःच्या खोलीत नेलं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी त्याला टेकून असतो. कोणी मला हलवायला गेलं की ती म्हणते, "राहू दे. या घरात खरं बोलणारं तेवढंच आहे."

तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. मी मेलो, मला काय मिळणार? पण तुमच्या गाडीत माझा भाऊबंद असेल तर दामटून आल्यावर एक मिनिट बसा. चष्मा नसेल तर नखं बघा, बायकोशी दोन शब्द बोला. आणि तुमच्यासाठी कोणी असा थांबत असेल, तर त्याला नाव ठेवायच्या आधी तोंड आवरा.

गाडीला नवा टर्बो बसवलाय. रविवारी ती अजूनही वर जाते, जावयाच्याच हातांनी. काल मालकांनी ती खिडकीखाली लावली तेव्हा मला शिटी ऐकू आली. अगदी बारीक, दूर कुठेतरी किटली उकळल्यासारखी.

ती ओळखणारा माणूस आता या घरात नाही.