माझ्यावर टपालाचा शिक्का नाही

माझ्या अंगावर भोके आहेत, पण ती उंदराने कुरतडलेली नाहीत. कारखान्यातच मुद्दाम पाडलेली आहेत, म्हणजे मला न उघडताच बघणाऱ्याला कळावे की आत काही आहे की मी रिकामाच हिंडतो आहे. मित्रांनो, मी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये फिरणारा एक जुना, पिवळट लखोटा आहे. मला डिंक लागत नाही, तिकीट लागत नाही. पाठीवर लाल पुठ्ठ्याची एक टिकली आहे, तिला दोरा गुंडाळला की मी बंद. पुढच्या बाजूला आडव्या रेघा आहेत. ज्याच्याकडे जायचे त्याचे नाव रेघेवर लिहितात, पोहोचलो की ते खोडतात आणि खालच्या रेघेवर पुढचे नाव लिहितात. खात्याची गाडी आम्हाला या इमारतीतून त्या इमारतीत नेते. बाहेरच्या टपालाशी आमचा काही संबंध नाही.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका कागद कारखान्यात झाला. यंत्राने मला कापले, दुमडले, भोके पाडली आणि माझ्यासारख्याच शंभर भावंडांबरोबर खोक्यात भरले. सरकारी कामाला जायचे म्हणून आम्ही फार फुशारलो होतो. कुणी म्हणे मी करारमदार नेणार, कुणी म्हणे मी नकाशे नेणार. माझ्यातून पहिल्या दिवशी गेला तो एका साहेबांच्या करकरणाऱ्या खुर्चीच्या दुरुस्तीचा अर्ज. मी जरा हिरमुसलोच.

पुढे मात्र बरे दिवस आले. जखमी कामगारांच्या निवृत्तिवेतनाचे कागद मी नेऊ लागलो. एका खाणीत हात गमावलेल्या माणसाचा अर्ज मी पावसातून कोरडा नेला, तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता. मग संगणक आले आणि आमचे दिवस फिरले. माझी निम्मी भावंडे कागद फाडणाऱ्या यंत्रात गेली. मी वाचलो तो ओडेट ट्रिम्बल या बाईंमुळे. त्यांच्या विभागात अजून शाईची सही असलेले मूळ कागद लागत. माझा दोरा तुटला तेव्हा त्यांनी आपल्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणून मला नवा बांधला होता.

ओडेट तिसऱ्या मजल्यावर अर्ज तपासायच्या. कृष्णवर्णीय, उंच, साठीकडे झुकलेल्या, नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत. एकतीस वर्षे त्यांनी तेच काम केले, आणि इतके चोख केले की अडलेला अर्ज आला की सगळा मजला त्यांच्या टेबलाकडे बघायचा. विभागप्रमुखाची जागा तीनदा रिकामी झाली. तिन्ही वेळा त्यांनी अर्ज केला आणि तिन्ही वेळा जागा कुणा गोऱ्या, कमी वर्षे नोकरी झालेल्या माणसाला मिळाली. त्या तिघांनाही काम ओडेटनीच शिकवले होते. वरचे साहेब, गारलंड ह्यूइट, दर वर्षी त्यांच्या अहवालात एकच वाक्य लिहीत: काम उत्तम, मात्र कार्यपद्धतीचे भान कमी.

तिसऱ्या वेळेनंतर ओडेटनी भेदभावाची तक्रार केली. खात्याने स्वतःची चौकशी स्वतःच केली. त्यात वर्ष गेले, आणि भेदभाव झालेला नाही असा खात्याचा निकाल लागला. त्या निकालाच्या शेवटी लिहिले होते की हे मान्य नसेल तर तीस दिवसांच्या आत आयोगाकडे अपील करा. आयोग म्हणजे खात्याबाहेरची माणसे. मित्रांनो, तुम्ही कधी आपली बाजू मांडायला गेलात आणि ज्याने मारले त्यालाच पंच केलेले पाहिले आहे का? ओडेटनी ते पाहिले होते. आता पहिल्यांदा कुणीतरी तिसरा माणूस त्यांचे म्हणणे वाचणार होता. त्यांना एवढेच हवे होते.

दोन शनिवार-रविवार घरी बसून त्यांनी बारा पाने लिहिली. एका सकाळी त्यांनी ती माझ्यात सरकवली, दोरा गुंडाळला आणि रेघेवर आयोगाचे नाव लिहिले. मग त्या टाचणयंत्र शोधू लागल्या. शेजारच्या टेबलावर मॅक्सीन सोबेल बसायच्या. दोघी वीस वर्षांच्या मैत्रिणी. मॅक्सीनबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय, त्याला चिठ्ठी टाचतेस?"

आमच्या विभागाची एक रीत होती. कुठलाही कागद इमारतीबाहेर जायचा तर वर एक छोटी चिठ्ठी टाचायची, तिच्यावर साहेबांनी आद्याक्षरे करायची आणि मगच तो गाडीत चढायचा.

"टाचणारच. बाहेर जातोय ना कागद," ओडेट म्हणाल्या.

"अगं, ज्याच्याविरुद्ध लिहिलंयस त्याचीच सही? मग पेनही तुझंच दे त्याला. बसायला खुर्ची दे. दमला तर वारा घाल."

"मॅक्सीन, तो आत बघतसुद्धा नाही. कुठल्या कागदात बघतो तो? दोन दिवसांत सही होते नि गाडी घेऊन जाते."

"टपाल कचेरी समोर रस्त्यापलीकडे आहे. तिकीट लाव, पावती घे नि ये. तुझी कॉफीसुद्धा गार व्हायची नाही."

ओडेटनी चिठ्ठी नीट मध्यभागी ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. टाचणयंत्राचा दणका तेवढा मला जाणवला.

"आणि उद्या म्हणतील, बघा, बाईंनी कागद परस्पर बाहेर पाठवला. हेच तर लिहितात ना माझ्याबद्दल? कार्यपद्धतीचं भान नाही म्हणे! एकतीस वर्षांत एक कागद मी चिठ्ठीशिवाय हलवलेला नाही, मॅक्सीन. हाही हलवणार नाही. बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही मला."

 चष्मा खाली ओढून मॅक्सीनबाई कामाला लागल्या. ओडेट मला घेऊन उठल्या आणि साहेबांच्या खोलीतल्या तबकात ठेवून आल्या.

त्या दिवशी दुपारी साहेब रजेवर गेले. आमच्याकडे साठलेली रजा वर्षअखेरीपर्यंत घेतली नाही तर बुडते, म्हणून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीपासूनच एकेक खुर्ची रिकामी होऊ लागते. ह्यूइट साहेबांची रजा बरीच साठली होती. ते फ्लोरिडाला मासे पकडायला गेले. जाताना त्यांनी हाताशी आलेले आणखी चार-पाच लखोटे माझ्यावर टाकले, दिवा मालवला आणि दाराला कुलूप लावले.

मी तबकाच्या तळाशी पडून राहिलो. थँक्सगिव्हिंग आला नि गेला. बाहेर कुणी भोपळ्याचे गोड पदार्थ आणले, कुणी मॅकरोनी आणली, त्यांचा वास दाराच्या फटीतून आत यायचा. कुणीतरी नाताळचे झाड उभे केले. एकदा ओडेट दारापर्यंत आल्या. काचेतून त्यांना तबकातला वरचा लखोटा दिसला असेल, मी नाही.

"गेलं असेल नाही गं एव्हाना?" त्यांनी विचारले.

"कधीच. त्याच दिवशी सही केली असेल त्यानं. जायच्या घाईत तर माणूस हॉटेलच्या बिलावरही दोनदा सही करतो," मॅक्सीनबाई म्हणाल्या. मैत्रिणीला धीर यावा म्हणून त्या तसे म्हणाल्या. मला ओरडता आले असते तर मी घसा फोडून ओरडलो असतो. लखोट्याला पोट असते, घसा नसतो.

मुदतीचा शेवटचा दिवस एका बुधवारी उजाडला आणि मावळला. कुणाच्या लक्षातही आले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी साहेब आले. उन्हाने त्यांच्या नाकाची सालटे निघाली होती. एका हाताने नाक खाजवत आणि दुसऱ्या हाताने आद्याक्षरे करत त्यांनी सगळे तबक रिकामे केले. माझ्यावर सही करताना ते फोनवर कुणाला तरी माशाची लांबी सांगत होते. मित्रांनो, त्यांनी मुद्दाम केले असते तर मला त्यांचा राग धरता आला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीने मला आयोगाच्या कचेरीत उतरवले. तिथे रूफस बेल नावाचा एक पोक्त कारकून आलेल्या कागदांवर तारखेचा शिक्का मारायचा. त्याने मला उलटे केले, सुलटे केले, दिव्यासमोर धरले.

"टपालाचा शिक्का कुठाय याच्यावर?" तो स्वतःशीच पुटपुटला. मग शेजारणीला म्हणाला, "लोर्ना, हे बघ. खात्याच्या गाडीनं अपील पाठवलंय बाईंनी."

"मग आजची तारीख टाक."

"मुदत गेलीय गं. टपालानं पाठवलं असतं तर टाकल्याचा दिवस धरला असता."

"तर काय. पण याच्यावर शिक्काच नाही. आपल्याला काय कळणार कधी निघालं ते?"

रूफसने माझा दोरा सोडला, पाने बाहेर काढली आणि अंगठ्याने त्यांची कड चाळली. "बारा पानं आहेत. मेहनत घेतलीय बाईंनी."

"वाचलंस?"

"वाचायचं काम वरच्या मजल्याचं," तो म्हणाला, आणि पहिल्या पानावर त्याने शिक्का आपटला.

वरच्या मजल्याने ओडेटना उशिराचे कारण विचारले. त्यांनी खरे ते कळवले, की कागद आपण मुदतीच्या पुष्कळ आधी खात्याच्या डाकेत दिला होता. वसंत ऋतूत निकाल झाला. त्याची खात्यासाठीची प्रत नेमकी माझ्यातच घातली गेली आणि मी पुन्हा त्याच तिसऱ्या मजल्यावर आलो. त्यात लिहिले होते की आपल्याच खात्याकडे कागद देणे म्हणजे आयोगाकडे अपील करणे नव्हे. कुठे आणि कसे पाठवायचे हे बाईंना लेखी कळवले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना कार्यपद्धतीची माहिती असणे अपेक्षित आहे. सबब अपील फेटाळण्यात येत आहे. तक्रारीत तथ्य आहे की नाही, याबद्दल आयोग कोणतेही मत देत नाही.

ह्यूइट साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचले आणि मला हातात घेऊन ओडेटच्या टेबलाशी आले. ओडेटना त्यांची प्रत घरी आदल्या दिवशीच मिळाली होती.

"ओडेट, खरंच सांगतो, त्यात काय होतं मला ठाऊक नव्हतं. मी नुसती सही केली."

"मला माहीत आहे, साहेब," ओडेट म्हणाल्या. "तुम्ही नुसती सहीच करता."

साहेब मला तिथेच टेबलावर ठेवून निघून गेले. मॅक्सीनबाईंनी काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडले, पण त्यांना रडू आले. ओडेटनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे बारा पानांतलं कुणी काहीच नाही वाचलं?" मॅक्सीनबाईंनी विचारले.

"नाही. तारीख वाचली." मग त्या हसल्या. तसे हसू मी पुन्हा कुणाचे पाहिले नाही. "आणि शेवटी लिहिलं काय, तर तेच. मला कार्यपद्धतीचं भान नाही."

त्याच वर्षी ओडेट निवृत्त झाल्या, होत्या त्याच पदावरून. मी आता तळघरातल्या कपाटात आहे. रेघा भरल्या, आणखी नाव लिहायला जागा उरली नाही. मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या मोठे होऊन कचेऱ्यांत बसतील. कुणावर अन्याय होईल, तेव्हा माझी एक विनवणी लक्षात ठेवा. जे लिहायचे ते सावकाश लिहा, पण लिहून झाले की ते माझ्यासारख्याच्या पोटात घालून निर्धास्त होऊ नका. उठा, रस्ता ओलांडा, खिडकीवरच्या माणसाकडून आपल्यादेखत शिक्का मारून घ्या, पावती जपून ठेवा. आणि तुम्ही शिक्का मारणाऱ्या खुर्चीत बसलात, तर निदान एक पान वाचा.

ओडेटची पाने आयोगाच्या कुठल्याशा कपाटात आहेत. त्यांतले पहिले वाक्य मला पाठ आहे, कारण कित्येक आठवडे अंधारात ते माझ्या अंगाला चिकटून होते. "माझे नाव ओडेट ट्रिम्बल आहे आणि मी माझे काम फार चांगले करते." माझ्याखेरीज ते अजून कुणी वाचलेले नाही.