उंच्या आणि चष्म्या

"मारलं बघ. कानाखालीच मारलं त्येनं," बनुबाई म्हणाली आणि मोबाईल डोळ्यांपासून जरा लांब धरला.

"कुणी कुणाला?" कॉटवरून धैर्यशीलनं विचारलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, डोक्याला टाके होते आणि वरचा ओठ सुजून काळानिळा झाला होता.

"उंच्यानं चष्म्याला."

मालिका थायलंडची होती. बोलणं बनुबाईला कळत नव्हतं, खाली पळणारी इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती आणि त्या पोरांची नावं जिभेवर बसत नव्हती, म्हणून तिनंच त्यांना ही नावं पाडली होती. धैर्यशीलला अर्धी राहिलेली मालिका ऐकून का होईना पुरी करायची होती. ती भाषा त्याला ऐकून ऐकून थोडीफार कळायची, म्हणून कानानं ऐकायचं काम त्याचं, डोळ्यांनी बघून सांगायचं काम आईचं. सांगलीच्या त्या दवाखान्यात तिला दुसरा उद्योग तरी काय होता?

तिनं थोड्याच वेळात ओळखून टाकलं, की हे बांधाचं भांडण आहे. दोन शेजारची घरं, पाण्यावरून नाहीतर हद्दीवरून वाकडं आलेलं, आणि त्यापायी पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली. शेत कुठं दिसत नव्हतं. पण बांधाचं वैर थेट कॉलेजात आणि लग्नाच्या मांडवातसुद्धा चालतं, हे आष्टा गावच्या बाईला कुणी शिकवायला नको. पोरं मात्र उन्हात कधी गेलीच नसावीत अशी नितळ. सारखी काहीतरी खात असायची, आणि रांधणारी आई एकाही भागात दिसेना. वडीलधारं माणूस समोर आलं की हात जोडून वाकायची, तेवढं तिला आवडलं.

मारामारी मात्र अगदीच कच्ची वाटली.

"एवढं मारून रगत न्हाई आलं," ती म्हणाली. "ह्यांस्नी मारायला येत न्हाई."

खरं मारणं तिनं जन्मभर पाहिलं होतं. दादासोंच्या, तिच्या मालकांच्या हाताची ओळख तिच्या गालाला लग्नाच्या वर्षीच झाली होती. थोरला मानसिंग त्यांच्याच वळणावर गेला. तो लष्करातून रजेवर आला की घरातली कुत्रीसुद्धा गोठ्यामागं जाऊन बसायची.

धैर्यशीलला लागलं त्या सकाळी पाण्याची पाळी त्यांची होती, आणि शेजाऱ्यांनी पाट फोडून पाणी आपल्या उसात घेतलं होतं. पाटावर शेजारचा रविराज एकटाच सापडला. धैर्यशीलच्याच कॉलेजात, त्याच्याच वर्गात शिकणारा. मानसिंगनं त्याला चिखलात लोळवला, तोंडावर बुटाची लाथ घातली. पोराचा दात ओठातून बाहेर आलेला बनुबाईनं बांधावरून पाहिला. मग मानसिंगनं फावड्याचा दांडा उगारला. तेवढ्यात धैर्यशील उसातून धावत आला आणि रविराजच्या अंगावर पालथा पडला. दांडा त्याच्या डोक्यात बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. त्यानं मान वळवून भावाकडं पाहिलं आणि दांडा परत आला, या खेपेला तोंडावर. बनुबाई भाकरीची बुट्टी टाकून पोचली, तेव्हा दोन्ही पोरं रक्तात आणि चिखलात एक झाली होती.

गाडी सांगलीला पोचेपर्यंत दादासोंनी हकिगत बदलली होती. मारलं ते रविराजनं. मानसिंगचं नाव आलं तर त्याची नोकरी जाणार, वर तुरुंग. धैर्यशील आपल्याला काही आठवत नाही एवढंच म्हणत होता, म्हणजे सगळा भार बनुबाईवर. दुपारी हवालदार जबाब घ्यायला येणार होता. दवाखान्याच्या जिन्यात दादासोंनी तिचा दंड बोटं रुतेपर्यंत धरला होता.

"एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर तुजं मढंच उचलाय लागंल," ते म्हणाले होते.

तिनं मान हलवली होती. नुसत्या भीतीनं नव्हे. मानसिंगही तिच्याच पोटचा होता. दांडा उगारला दुसऱ्यावर, बसला भावाला. रागाच्या भरात हातून चूक झाली, आणि चुकीपायी पोराच्या हातात बेड्या कुठली आई घालेल? परक्याचा पोरगा आत जातो तर जाऊ दे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पडद्यावर आता उंच्याचं डोकं फुटलं होतं, आणि चष्म्या त्याची जखम पुसत होता.

"समेट व्हनार दिसतंय," बनुबाई म्हणाली.

मग चष्म्यानं कापूस खाली ठेवला. उंच्याच्या गालाला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला, तान्ह्या लेकराचा वास घ्यावा तसा. त्यानंतर ओठावर ओठ टेकले. मोबाईलमधलं गाणं तेवढं वाजत राहिलं.

"आता काय करत्यात?" धैर्यशीलनं विचारलं.

पुढं काय येणार हे त्याला गाण्यावरून कळलं असणार. हात लांब करून मोबाईल काढून घेता आला असता. त्यानं हात पोटावरच ठेवले.

बनुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. पाटात तो रविराजवर पडला होता तो असाच, गालाला गाल लावून, दोन्ही हात त्याच्या डोक्याभोवती. ती समजली होती, पोरगं पाय घसरून तसं पडलं. मानसिंग तसं समजला नव्हता. पहिल्या घावानंतर त्याचा दांडा खाली आला होता. तो क्षणभर बघत उभा राहिला. भावाचं तोंड वर वळलं, ते त्यानं नीट पाहिलं, आणि मग दांडा उचलला.

तिला आधी धैर्यशीलचाच राग आला. साऱ्या गावात याला दुसरं कुणी सापडलं नाही? लाज वाटली, भीती वाटली. पण पट्टीखालचा तो सुजलेला ओठ आपल्या शब्दाची वाट बघत होता, आणि तिला त्या पोराची इतकी माया आली की बाकीचं मागं पडलं.

"एकमेकाला धरून बसल्यात," ती म्हणाली. "लय जिवापाड धरलंय."

धैर्यशीलच्या पट्टीखालून पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं.

हवालदार आला तो दादासोंच्या बरोबरच. चहा पाजून झालेला दिसत होता. स्टुलावर बसत त्यानं बनुबाईला 'मावशी, घाबरू नका' म्हणून सांगितलं, जे पाहिलं तेवढंच सांगायचं. रविराजनं कसं मारलं ते सांग, असं दादासोंनी पुढं जोडलं.

"दोन घाव हुतं," बनुबाई म्हणाली. "पयला रविराजवर उगारला हुता. ह्यो मदी पडला, म्हून चुकून ह्याला बसला. दुसरा चुकून न्हवता. ह्येनं तोंड वर केलं हुतं. मारणाऱ्यानं त्ये बघितलं आन् मग घातला."

"मारणारा कोण?"

"आई, नगं," धैर्यशील म्हणाला.

"माजा थोरला. मानसिंग."

हवालदारानं पेन कागदावरून उचललं आणि दादासोंकडं पाहिलं.

"त्यांच्याकडं नगा बघू," बनुबाई म्हणाली. "दुसरा घाव मी बघितलाय. लिवा."