दोन्ही हात वर

या, असे जवळ सरकून बसा. वर गेलेल्या दोन हातांची गोष्ट सांगतो.

सर्जेरावांनी माईकवर टिचकी मारली. दौलताबादच्या किल्ल्याखालचं गाव. ग्रामसभा विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात भरलेली. ठराव त्यांचाच होता: केंद्र सरकारने जमेपेक्षा जास्त खर्च करू नये, असा कायदा व्हावा. गावाने नुसता सल्ला द्यायचा होता, पण सकाळपासून शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता.

"भाऊजी," चतुराबाई पुढच्या रांगेतून उठल्या, "खर्च आवळला की कात्री आधी कुठं लागंल? तुमच्या दादाचं रक्त सरकारी दवाखान्यात फुकट धुतात. ते बंद झालं तर?"

"वहिनी, ही देशाची गोष्ट हाय. घरातलं इथं आणू नका."

"मग दादा काय परदेशातला हाय व्हय?"

मंडप हसला. सर्जेराव हसले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ बद्रीनाथ खांबाला टेकून पेंगत होते. सकाळीच डायलिसिस करून आलेले. डाव्या हाताला कोपराजवळ पट्टी होती.

ग्रामसेवक धम्मपाल पुढे आले. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

आता या मंडपात 'हात वर' म्हटलं की कीर्तन ऐकणाऱ्याला एकच ठाऊक. बुवांनी म्हणावं आणि गजरात दोन्ही हात उंच जावेत. पेंगणाऱ्या बद्रीनाथांचे दोन्ही हात झटक्यात वर गेले.

"आबा, माणशी एकच मत!" मागून कुणी ओरडलं. "गजर संध्याकाळी हाय!"

हशा अर्ध्यातच थांबला. पट्टीवर लाल ठिपका उमटला होता आणि पसरत होता. चतुराबाई गर्दीतून वाट काढीपर्यंत सर्जेराव माईक टाकून पोचले. त्यांनी भावाचा हात खाली घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबून धरली.

"सर्ज्या, अरे, मी ठरावाला नाय..." बद्रीनाथ ओशाळले.

"बोलू नको, दादा."

धम्मपालांनी बद्रीनाथांना सोडून ठरावाच्या बाजूचे हात मोजले, मग विरोधातले. सारखेच भरले. त्यांनी खांबाकडे पाहिलं.

"सर्जेराव, तुमचा तेवढा राहिला. करता वर?"

सर्जेरावांनी मान उचलली नाही.

"दिसंना का? हात गुंतलेत."

कीर्तनात कधी दोन्ही हात वर कराल, तेव्हा आमच्या बद्रीआबांची आठवण ठेवा. त्यांचा आता एकच वर जातो. दुसरा धरायला शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.