अक्षरं देणारा

सरांना घरातही सरच म्हणत. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे, दोन्ही मुलं त्यांच्याच शाळेत होती, आणि एका माणसाला दोन हाका कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मुलांनी जन्मात कधी ‘बाबा’ म्हटलं नाही. आईसुद्धा दारात आलेल्याला ‘सर झोपलेत’ म्हणूनच सांगायची.

रोज जेवणाआधी खेळ असे. बिस्किटांच्या जुन्या डब्यात सरांनी स्वतः कापून केलेली लाकडी अक्षरं होती. सर त्यातली सात काढून पुढ्यात टाकत. तेवढ्या अक्षरांतून निदान चार अक्षरी इंग्रजी शब्द करायचा, मग ताट ओढायचं. ज्याला जमणार नाही त्याने बाकीच्यांचं जेवण उरकेपर्यंत आपल्या खुर्चीमागे उभं राहायचं. ताईला या खेळाचा तिटकारा होता, पण ती आईशेजारी बसायची आणि आई टेबलाखाली तिच्या तळहातावर शब्द गिरवायची. धाकटा समोर बसायचा. तिथवर आईचा हात पोचत नसे.

एका संध्याकाळी धाकट्याच्या वाट्याला सात अक्षरं आली आणि त्यात एकही स्वर नव्हता. पोटात कावळे कोकलत होते. त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि धीर करून म्हणाला, “सर, यात शब्दच नाहीये.”

“शब्द नाही असं होत नाही,” घास मोडत सर म्हणाले. “शोधणारा आळशी असतो. अक्षरं देणारा चुकत नाही.”

तो उभा राहिला. स्वराशिवाय शब्द होत नाही हे सरांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? आयुष्य इंग्रजीत गेलं होतं त्यांचं. त्या रात्रीचा राग धाकट्याने उराशी धरून मोठा केला. बी, के, टी, जी, डी, पी, व्ही. त्याला ती अक्षरं अजून तोंडपाठ होती.

पुढे त्याने चष्म्याचं दुकान काढलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून तो म्हणायचा, “नुसती अक्षरं वाचा. शब्द नाही झाला तरी इथे कोणी उपाशी ठेवत नाही.” लोक हसायचे. तो हसत नसे.

आई गेली, आणि त्यानंतर सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंडात ‘हो’, ‘नाही’ आणि दोन-चार मोडके शब्द उरले. ज्यांनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही, त्यांच्या हनुवटीवरची लाळ आता धाकटा पुसत होता. त्याने वृद्धाश्रम बघून ठेवला. ताईने फोनवर रडून घर डोक्यावर घेतलं.

“मी नेते त्यांना माझ्याकडे,” ती म्हणाली. “पण आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो रे. डोकं ठिकाणावर आहे एवढं दिसू दे मला. रविवारी येते. माझ्यासमोर एक शब्द करू देत. नाही जमलं, तर तू म्हणतोस तसं.”

बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनीच तो डबा पुन्हा बाहेर काढायला लावला होता. आवडता खेळ आहे, त्यातून भाषा परत येईल, असं त्या म्हणायच्या. आणि ती येतही होती. बुधवारी सरांनी डाव्या हाताने एकेक अक्षर ढकलत ‘चेअर’ हा शब्द लावला आणि लहान पोरासारखे खुदकन हसले. शाबासकीसाठी त्यांनी मुलाकडे पाहिलं. रविवारी म्हातारा पास होणार होता, लेकीच्या घरी नातवंडांत बसून लाड करून घेणार होता. धाकट्याला ते सहन झालं नाही.

रविवारी ताई आली. टेबलावर ताटं मांडलेली होती. धाकट्याने डब्यातून सात अक्षरं काढली आणि सरांपुढे ओळीने ठेवली. बी, के, टी, जी, डी, पी, व्ही. डब्यातले सगळे स्वर त्याच्या खिशात होते. ताईने अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती.

सरांनी अक्षरं हलवली. उलटसुलट लावली. कपाळाला घाम फुटला. धाकटा वाट बघत होता. म्हणा ना, यात शब्द नाही म्हणा. ‘नाही’ तर येतं तुम्हाला. तेवढं म्हटलं असतं तर त्याने खिसा रिकामा केला असता, खरंच केला असता. निदान त्याला तसं वाटत होतं.

सरांनी मान वर केली. डोळ्यांत ना संशय होता, ना कसली आठवण. पोराने अक्षरं दिली आहेत म्हणजे शब्द असणारच, एवढाच विश्वास होता. मग ते टेबलाला धरून उठले, पाय ओढत मागे गेले आणि खुर्चीची पाठ डाव्या हाताने घट्ट धरून उभे राहिले.

“हे काय, सर? बसा ना!” ताई धावली.

“नाही,” सर म्हणाले.

“नियम त्यांचाच आहे,” धाकटा म्हणाला आणि त्याने ताट पुढे ओढलं.

सरांचे पाय थरथरत होते. ताई त्यांना धरून हुंदके देत राहिली आणि धाकटा शेवटच्या घासापर्यंत जेवला. मग ती डोळे पुसून म्हणाली, “ने मग. तू म्हणतोस तिथे ने.”

दोन दिवसांनी वृद्धाश्रमाच्या खोलीत त्याने सरांचे कपडे कपाटात लावले. सर पलंगावर बसले होते, डावी मूठ आवळून. परिचारिकेने बोटं सोडवू पाहिली तर ते तिच्यावर खेकसले. धाकटा निघाला तशी त्यांनी आपणहून मूठ उघडून दाखवली. सातही अक्षरं होती, घामाने ओली.

“सा... सापडेल,” सर म्हणाले. “सांगतो.”

धाकट्याचा हात खिशात गेला. स्वर अजून तिथेच होते. त्याने ते बोटांनी चाचपले.

“सावकाश शोधा, सर,” तो म्हणाला. “घाई नाही.”

आणि दार ओढून घेतलं.