पहिले कुलूप कशाने उघडले?

मनीने पडद्यावरच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. ती ढीगभर प्रतिक्रिया एका झटक्यात कचऱ्यात टाकणार, तोच बाबांनी तिचे मनगट धरले. त्यांच्या बोटांना पितळेचा कीस लागला होता, तो तिच्या बाहीवर सांडला.

"ती चौथी राहू दे."

"बाबा, तीही कचराच आहे."

"राहू दे म्हटलं ना."

बाबा किल्ल्या बनवायचे आणि कुलपे दुरुस्त करायचे. हल्ली दुकानात गिऱ्हाईक कमी आणि रिकामा वेळ जास्त, म्हणून मनीनेच त्यांना हा ब्लॉग काढून दिला होता. अडकलेली कडी कशी सोडवावी, गंजलेल्या कुलपात तेल का ओतू नये, असले लेख बाबा मन लावून लिहीत. वाचणारे मोजकेच, पण जीव लावून वाचणारे. मग गुळाला मुंगळे लागावेत तशा या भलत्या प्रतिक्रिया येऊ लागल्या. कडीवरच्या लेखाखाली एका बाईने लिहिले की, तुमच्यामुळे माझे वजन बारा किलोने उतरले. बाबांनी तिला तब्येतीला जपायला सांगितले. कुणी घड्याळे विकत होता, कुणी लग्नाची मागणी घालत होता. बाबा प्रत्येकाला सभ्यपणे उत्तर देत बसले, तेव्हा मनीने कपाळाला हात लावला.

पण चौथ्या प्रतिक्रियेचे प्रकरण वेगळे होते. प्रत्येक लेखाखाली 'एक वाचक' या नावाने तीच ओळ येई: 'लेख उत्तम आहे, पण एक गोष्ट राहून गेली आहे.' बाबा खाली लिहीत, 'काय राहिले ते कळव.' त्याला उत्तर कधीच येत नसे.

"तुझा काका आहे तो," बाबा म्हणाले.

काकाचे नाव या घरात कितीतरी वर्षांनी निघत होते. दोघे भाऊ एकाच दुकानात वाढले, एकाच बाकावर बसून किल्ल्या घासायला शिकले. मग काकाला कार्डाने उघडणारी कुलपे विकायची होती, आणि बाबांनी भर गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हटले की, तुला कुलपातलं काय कळतं. काकाने दुकानाच्या किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि तो निघून गेला, तो गेलाच. गाव बदलले, नंबर बदलला. मनी तेव्हा शाळेत होती. बाबांना तो परत हवा होता हे घरात सगळ्यांना माहीत होते, आणि ते स्वतःहून हाक मारणार नाहीत हेही.

"काकाच कशावरून?"

"लहानपणापासून त्याची हीच खोड. माझं काम बघायचं, मान डोलवायची आणि म्हणायचं, दादा, एक राहिलं."

मनीने ती ओळ जशीच्या तशी शोधायला टाकली. ती एका शिकवणीच्या वेबसाइटवर सापडली, एका दंतवैद्याच्या वेबसाइटवर सापडली, आणि ससे पाळणाऱ्या कुणा माणसाच्या प्रत्येक लेखाखाली सापडली.

"हे बघा. हे मशीन आहे. माणसाला कुतूहल वाटावं, त्यानं त्या नावावर क्लिक करावं, म्हणून टाकतात ही ओळ."

बाबांनी चष्मा पुसून सशांची वेबसाइट नीट पाहिली.

"त्याला ससे आवडायचे," ते म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने तोड सुचवली. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आले तरच ती छापायची. मशीनला उत्तर येणार नाही, माणसाला येईल, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. लोक साधारणपणे दोन अधिक तीन किती, असे काहीतरी विचारतात.

"ते काय कुलूप झालं? हेअरपिननं उघडेल," बाबा म्हणाले. "प्रश्न मी देतो. लिही. आम्ही पहिलं कुलूप कशानं उघडलं?"

"कशानं?"

"काट्यानं. जेवणाच्या."

मग बाबांनी सांगितले. आजोबा, म्हणजे त्यांचे वडील, हत्यारांच्या कपाटाला कुलूप लावून बाहेर गेले होते. दोघा भावांनी ते उघडले आणि संध्याकाळी दोघांनी सारखाच मार खाल्ला. कशाने उघडले ते मात्र कुणीच कबूल केले नाही. आजोबा गेले तरी त्यांना ते कळले नव्हते.

"पण मग बाकीच्या वाचकांनी काय करायचं?"

"त्यांनी नुसतं वाचावं."

मनीने प्रश्न बसवला. वजन उतरलेली बाई गेली, घड्याळवाला गेला, लग्नवाले गेले. 'एक वाचक'ही गेला. बाबांनी त्यानंतर दोन लेख घाईघाईने लिहिले. कुलपाच्या आतल्या पिनांवरच्या लेखात तर त्यांनी मुद्दाम एक माप चुकीचे टाकले, हे त्यांनीच तिला सांगितले. कुणी काही बोलले नाही. चहा घेताना बाबा सहज म्हणून लॅपटॉपकडे मान वळवत आणि सहज म्हणून परत कानस हातात घेत. आपण जिंकलो याचे मनीला फार वाईट वाटले.

समोरचा शिंपी दुकानात आला तो तणतणतच.

"तुमच्या त्या प्रश्नानं मला हाकलून दिलं हो. मी लिहिलं, किल्लीनं. कुलूप किल्लीनंच उघडतात ना? दुसरं कशानं?"

"तुमचंही बरोबर आहे," मनी हसत म्हणाली. "थांबा, तुमची प्रतिक्रिया मी आत घेते."

चुकलेली उत्तरे एका वेगळ्या पानावर जमा होत. मनीने ते पान आजवर उघडले नव्हते, मशीनचा गाळ कोण उपसणार. शिंप्याची 'किल्लीने' सापडली, तिच्या आगेमागे अर्थ नसलेल्या अक्षरांच्या रांगा होत्या. शिंप्याचे काम करून ती पान बंद करणार होती. पण मशीन चुकीचे उत्तर देते म्हणजे नेमके काय देते, हे बघायची तिला हुक्की आली आणि ती खाली सरकत गेली.

'छत्रीच्या तारेने.'

ती थांबली. दोन दिवसांनंतरचे दुसरे उत्तर होते: 'छत्रीची तार.' त्याखाली: 'छत्रीची तार. काटा वाकला, म्हणून तार मी आणली.' आणि आज सकाळचे: 'दादा, काटा वाकला होता. आठव जरा.'

प्रतिक्रियेची चौकट प्रत्येक वेळी कोरी होती. तिथपर्यंत त्याला पोचताच आले नव्हते.

शिंपी गेल्यावर मनीने लॅपटॉप उचलून बाबांसमोर धरला. बाबांनी वाचले. पुन्हा वाचले. बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात घट्ट बसलेली किल्ली त्यांनी उगाच आणखी आवळली.

"खोटं आहे," ते म्हणाले. "काटा कुठं वाकतोय. चांगला जाड होता."

"फोन लावू का? नंबर शोधून काढते."

"नको."

"अहो, पण तो इतक्या वेळा दाराशी..."

"कळतंय मला."

बाबांनी कानस उचलली. दोन-तीनदा किल्लीवर फिरवली. मग खाली ठेवली. त्यांनी हळूच विचारले.

"त्या प्रश्नाचं उत्तर बदलता येतं का?"

"येतं. काय करू?"

"छत्रीची तार."

"म्हणजे तारच होती तर."

"काटाच होता," बाबा म्हणाले. "तू बदल."